धाकटीच्या हळदीचे फोटो आणि फॉरमॅट झालेलं कार्ड

परवा भाच्याने कॅमेऱ्यात कार्ड घातलं, 'फॉरमॅट?' असं आलं आणि पठ्ठ्याने ओके दाबलं. ३२ जीबीचं कार्ड, धाकटीच्या हळदीचे सगळे फोटो त्यातच. घरात सुतकी शांतता.

मी आधी ओरडलो की आता एकही फोटो काढू नका, कारण साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, फोटो तिथेच पडून असतात, नवीन काही लिहिलं की मात्र ते कायमचे जातात. मग लॅपटॉपवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइल परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं, फुकट आहे, दिसायला काळ्या स्क्रीनचं भयाण, पण काम चोख. ते फाइलची नावं बघतच नाही, प्रत्येक जेपेगची (म्हणजे फोटोच्या फाइलची) सुरुवात ठरलेल्या बाइट्सनी होते ती शोधत जातं. सापडलेलं सगळं लॅपटॉपवर सेव्ह केलं, कार्डवर नाही हां, तिथेच लोक गंडतात.

दोनेक तासांनी जवळपास सगळे फोटो आले, नावं मात्र गायब, नुसते एफ आणि पुढे आकडे, त्यामुळे लावत बसलो रात्रभर. आणि मागे मी मुद्दाम डिलीट केलेला माझा लुंगीतला फोटोपण वर आला, तो आता फॅमिली ग्रुपवर फिरतोय.