आधी दोन चौरस मीटर, मग गिनी पिग

जर्मनीत प्राण्यांच्या दुकानात गिनी पिग बघायला गेलात, की खाली प्लॅस्टिकचा ट्रे आणि वर तारेची जाळी असलेला एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद पिंजरा सोबत दाखवला जातो. तो घेऊ नका. एखाद्या आजारी प्राण्याला चार दिवस वेगळं ठेवायला किंवा डॉक्टरकडून आणल्यावर तो उपयोगी पडतो, पण राहतं घर म्हणून नाही.

गिनी पिगचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज भागातलं. उंच गवतात कळपाने चरायचं, गवतातूनच वाटा पाडायच्या आणि शिकारी पक्ष्याची सावली दिसली की त्या वाटेने धूम ठोकून आडोसा गाठायचा, असा हा प्राणी. त्याला चढता येत नाही, खारीसारख्या उड्या मारता येत नाहीत. त्याला लागते ती सपाट जमीन, आणि सलग. दोन प्राण्यांसाठी इथली जाणकार मंडळी 2 चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे 2 मीटर बाय 1 मीटर. एवढी रुंद जागा सापडत नसेल तर 240 बाय 80 सेंटिमीटरही चालतं. रुंदी मात्र कुठेही 60 सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, कारण दोघं समोरासमोर आले तर एकमेकांना वाट देता आली पाहिजे. अरुंद जागेत भांडणं लागतात ती स्वभावामुळे नाही, कोंडी झाल्यामुळे. वरचा मजला करून क्षेत्रफळ भरून काढायचा मोह होतो. पण खालचा मजलाच अपुरा असेल तर वरच्याने काही साधत नाही.

दोन हा आकडाही पक्का समजा. एकटा गिनी पिग माणसांत कितीही रमलेला दिसला तरी एकटाच असतो, आणि सशाची सोबत ही सोबत नव्हे. दोघांची भाषा वेगळी, वजन वेगळं. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून एकटा गिनी पिग पाळणं कायद्यातच बसत नाही. जर्मनीत बहुतेक टिअरहाइम, म्हणजे प्राण्यांची आश्रयघरं, एकट्यासाठी प्राणी देतच नाहीत. सगळ्यांत शांत नांदणारा संसार म्हणजे एक खच्ची केलेला नर आणि दोन माद्या. दोन माद्याही चालतात. दोन नरांना जास्त जागा लागते आणि वयात येताना ते एकमेकांची परीक्षा बघतात, म्हणून पहिल्याच खेपेला ती जोडी टाळलेली बरी.

भाड्याच्या घराचं काय, हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर 2007 मध्ये एका खटल्यात सांगितलं, की पिंजऱ्यात किंवा टाकीत राहणारे लहान प्राणी पाळणं हा घराच्या नेहमीच्या वापराचाच भाग आहे आणि शोभेचे पक्षी व मासे सोडून सगळ्यांना परवानगी लागेल असं भाडेकरारात लिहिणं वैध नाही. दोन-तीन गिनी पिग त्यात बसतात, पंधरा बसणार नाहीत. तरी घरमालकाला आधी सांगून ठेवावं. घर सोडताना जमिनीवरून होणारा वाद परवानगीच्या वादापेक्षा महाग पडतो.

खरा घोर जमिनीचाच. लॅमिनेटच्या सांध्यात मूत मुरलं की फळ्या फुगतात आणि ते नुकसान अनामत रकमेतून कापलं जातं. म्हणून कुंपणाआधी तळ. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे बांधकाम साहित्याच्या मोठ्या दुकानात, पीव्हीसीचं अंथरण रोलमधून कापून मिळतं. 2 बाय 1 मीटरच्या जागेसाठी 2.30 बाय 1.30 मीटरचा तुकडा घ्या, म्हणजे चारही बाजूंनी 15 सेंटिमीटर भिंतीवर चढवता येईल. कोपरे कापू नका, पाकिटासारखे दुमडा. कापलेल्या कोपऱ्यातूनच ओल झिरपते. नवीन पीव्हीसीला वास असतो, दोन-तीन दिवस उलगडून हवेवर ठेवा. वर आलेली कड लाकडी पट्टीने झाकून स्क्रूने घट्ट करा, नाहीतर उघडी कड दातांखाली जाते. सांध्याला सिलिकॉन लावायचं असेल तर मत्स्यपेटीसाठी मिळतं तेच घ्या. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं.

भिंतींसाठी स्प्रूसच्या 18 मिलिमीटर जाडीच्या, 40 सेंटिमीटर उंचीच्या फळ्या पुरतात: दोन 200 सेंटिमीटरच्या, दोन 100 सेंटिमीटरच्या. दुकानातच मापाने कापून घ्या, घरी करवत चालवायची गरज नाही. चार कोपऱ्यांना आतून प्रत्येकी दोन लोखंडी कोन लावले की चौकट उभी राहते. समोरची लांब फळी 15 सेंटिमीटर उंचीची ठेवून तिच्यावर 4 मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी बसवली तर मुलांना वाकून न बघता बसून बघता येतं, आणि प्राण्यांना माणूस वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा दिसत नाही. लाकडाला डीआयएन ईएन 71-3 असं लिहिलेलं, खेळण्यांसाठी चालणारं वॉर्निश दोन हात लावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्तच वाळू द्या. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वर झाकण हवंच. नसेल तर 40 सेंटिमीटर पुरतं.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. पहिली, रेडिएटर: त्याला चिकटून नको. दुसरी, खिडकी. इथे हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडून हवा खेळवतात. ती गार हवा जमिनीलगत वाहते आणि खिडकी ते दार या सरळ रेषेतला गिनी पिग थेट झोतात सापडतो. तिसरी, ऊन. 18 ते 24 अंशांत हा प्राणी सुखात असतो, 27-28 च्या वर त्रास सुरू होतो. छपराखालच्या, उतरत्या भिंतींच्या घरात जुलैमध्ये 32 अंश सहज होतात, आणि गिनी पिगला घाम येत नाही. तसं घर असेल तर प्राणी आणण्याआधी एक उन्हाळा थर्मामीटर लावून बघा, मग ठरवा.

चौथी गोष्ट आपल्या घरांपुरती: स्वयंपाकघर. दिवाणखान्यातच ओटा असलेल्या घरात लाल मिरचीची फोडणी पडली की माणसं खोकतात. गिनी पिगची श्वासनलिका त्याहून नाजूक आहे आणि त्याला खोली सोडून जाता येत नाही. अगरबत्ती, धूप आणि कापूर त्याच्या खोलीत लावू नका. देवघर त्याच खोलीत असेल तर समई लावा.

आता आतली मांडणी. दोन प्राणी असतील तर आडोसे तीन, आणि प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असलेल्या घरट्यात दुबळा आत अडकतो आणि दुसरा दारात बसून राहतो. लाकडी घरट्याला तळ नसावा. पुठ्ठ्याचा खोका दोन बाजूंनी कापला तरी काम भागतं. चाक, फिरता चेंडू, गवत भरायचे तारेचे गोळे यांतलं काहीही नको. चाकाने पाठीचा कणा दुखावतो आणि तारेच्या गोळ्यात डोकं अडकतं. पाण्यासाठी जड मातीचं किंवा चिनीमातीचं पसरट भांडं, एका विटेवर ठेवलेलं, म्हणजे त्यात भुसा पडत नाही. बाटलीतून थेंब थेंब चाटताना मान वर करून बसावं लागतं आणि बाटलीच्या नळीतली गोळी अडकली तर कळतही नाही.

अंथरुणाचे दोन मार्ग आहेत. पहिला, भुश्याचा: खाली 2 सेंटिमीटर लाकडाच्या गोळ्या, वर 5 सेंटिमीटर हेम्पचा भुसा. ओले कोपरे रोज किंवा एक दिवसाआड काढायचे, आठवड्याला सगळं बदलायचं. सीडरचा भुसा किंवा वास घातलेला कुठलाही भुसा घेऊ नका. हे सगळं बायोच्या, म्हणजे जैविक कचऱ्याच्या, डब्यात टाकायचं की उरलेल्या कचऱ्यात, हे प्रत्येक गावाचं वेगळं असतं, पालिकेचं कचऱ्याचं पत्रक बघा. दुसरा मार्ग फ्लीसचा, म्हणजे पांघरुणासारख्या मऊ कृत्रिम कापडाचा: खाली पाणी शोषणारं जाड कापड, वर फ्लीस. नवीन फ्लीस पाणी झिरपू देत नाही, वरच थारोळं साचतं. दोन-तीनदा धुतल्यावरच ते खाली पाझरू देतं. कापड मऊ करणारं द्रव्य कधीच घालू नका, झिरपणं बंद होतं. आणि इमारतीच्या तळघरात सामायिक धुलाई यंत्र असेल तर फ्लीसच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करा; दुसऱ्याच्या कपड्यांत गवताच्या काड्या निघाल्या की शेजारसंबंध बिघडतात. पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी भुसाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. कोपऱ्यांत मुताचे पांढरे डाग धरतात, त्यात कॅल्शियम असतं. पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालून पुसलं की निघतात.

खाण्यात ऐंशी टक्के काम सुकं गवत करतं, आणि इथेच बहुतेक नवखे चुकतात. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चघळूनच झिजतात. त्याचं पोट पुढून नवं अन्न आलं तरच मागचं पुढे ढकलतं. म्हणून गवत दिवसरात्र समोर हवं, दोन ठिकाणी. वाया जाणारं धरून दोघांना महिन्याला 4 ते 5 किलो लागतं. गवत हिरवट, सुवासिक आणि लांब काड्यांचं हवं. पिवळं, धुळीचं किंवा कुबट वासाचं परत करा. रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून एक पिशवी नेहमी शिल्लक ठेवा.

गवताची ही पहिली पिशवी प्राण्यांच्या आधी घरी आणा आणि आठवडाभर बैठकीच्या खोलीत उघडी ठेवा. भारतात कधीच त्रास नसलेल्या काहींना इथे आल्यावर काही वर्षांत परागकणांची अ‍ॅलर्जी सुरू होते, आणि गवताने ती वर्षभर घरात येते. डोळे चुरचुरू लागले तर ते आताच कळलेलं बरं. महिन्याभराने प्राणी परत देणं मुलांना आणि प्राण्यांना दोघांनाही जड जातं.

माणसासारखंच गिनी पिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम लागतं, आजारपणात किंवा गाभण असताना 30 पर्यंत. लाल ढोबळी मिरचीचा 20 ते 25 ग्रॅमचा तुकडा ही गरज भागवतो. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका. ते लवकर नासतं आणि चव बदलल्याने पाणी पिणंच कमी होतं. ताजा पाला आणि भाजी मिळून प्रत्येक प्राण्याला रोज 100 ग्रॅमच्या आसपास: काकडी, रोमेन सॅलड, फेनेल, सेलरीची पानं. तुर्की किंवा भारतीय दुकानातली कोथिंबिरीची आणि शेपूची जुडी तर त्यांची जीव की प्राण. पालक क्वचित, गाजर चवीपुरतं. कांदा, लसूण, लीक, बटाटा, ऱ्हुबार्ब, अव्होकाडो कधीच नाही. पोळीचा तुकडा, चुरमुरे, भिजवलेले हरभरे, बिस्किट हे प्रेमाने दिलं जातं आणि पोट फुगवतं. आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना हे आधीच समजावून सांगा.

डॉक्टर प्राणी आणण्याआधी शोधायचा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर गिनी पिगचे दात बघू शकत नाही. लहान घरगुती प्राण्यांचा अनुभव आहे का, हे फोनवर विचारा. नोव्हेंबर 2022 पासून पशुवैद्यकांचं दरपत्रक वाढलेलं आहे आणि रात्री किंवा सुटीच्या दिवशी तातडीच्या सेवेचे 50 युरो वेगळे लागतात, तेव्हा थोडे पैसे बाजूला असू द्या. भारतातून आणलेल्या औषधांच्या पिशवीतलं काहीही देऊ नका. तोंडाने दिलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन माणसाला साधं वाटतं, पण गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकतं.

स्वयंपाकाचा डिजिटल काटा आणि एक टोपली घ्या, दर रविवारी वजन करून वहीत लिहा. मोठा प्राणी 700 ते 1200 ग्रॅमचा असतो. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर खाण्यावर लक्ष ठेवा, 100 उतरले तर डॉक्टर. अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर सोमवारची वाट बघू नका. स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नका. ते त्याच्या पचनाचंच काम आहे.

भारतवारीचं गणितही आधीच मांडा. हे प्राणी पाच ते आठ वर्षं जगतात आणि त्यात तीन-चार लांबच्या सुट्ट्या येतात. शेजाऱ्याला दिवसातून दोनदा यायला जमेल का, की पैसे घेऊन सांभाळणाऱ्या नोटस्टेशनकडे, म्हणजे गिनी पिगच्या आसराघराकडे, सोय होईल? डिसेंबरमधल्या जागा उन्हाळ्यातच भरतात. प्राणी घ्यायचे असतील तर तिथूनच घ्या. नर-मादी ओळखून, तपासून, करार करून देतात. दुकानातल्या ‘दोन बहिणीं’पैकी एक भाऊ निघतो किंवा एक आधीच गाभण असते, हे वरचेवर घडतं. नुकताच खच्ची केलेला मोठा नर सहा आठवड्यांपर्यंत मादीला गाभण करू शकतो, तोवर तो माद्यांपासून वेगळाच हवा.

आणायच्या दिवशी बंद खोक्यात मूठभर गवत आणि काकडीचे काप ठेवा, दोघांना एकाच खोक्यात आणा. आधी ते खात होते तेच गवत थोडं मागून घ्या. घरी आल्यावर खोका जागेत ठेवून दार उघडा आणि बाजूला व्हा. स्वतः उचलून बाहेर काढू नका. जागेचा अर्धा भाग चादरीने झाका. पहिले चार-पाच दिवस फक्त गवत, पाला, पाणी आणि ओले कोपरे, बाकी हात आत घालायचा नाही. दिवसभर आडोशात दडून राहतील, रात्री दिवे मालवल्यावर गवत कुरतडल्याचा आवाज येईल. आठवड्या-दोन आठवड्यांत फ्रीजचं दार उघडलं की शिट्ट्या सुरू होतात. मग कोथिंबिरीची काडी हातात धरून जमिनीवर बसायचं.