क्लाउड चेंबर, बिभा चौधुरी आणि एका आईचे प्रश्न

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन म्हणजे आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटला पोस्टर, क्विझ आणि कुणाचं तरी भाषण. यंदा मात्र एमएस्सी पार्ट टूच्या पोरींनी आधीपासूनच लावून धरलं होतं की मॅडम, आपण क्लाउड चेंबर करू या, म्हणजे न दिसणाऱ्या कणांच्या वाटा जिच्यात डोळ्यानं दिसतात ती पेटी. मी लगेच हो म्हटलं, कारण भाषण माझंच होतं आणि विषय कॉस्मिक रेवर काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी, आणि त्यांच्याबद्दल नुसतं बोलून भागत नाही, कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातनं येणारे कण, पोरांना डोळ्यानं दिसला पाहिजे.

सामान साधंच. फिशटँकची काच, आत वरच्या बाजूला चिकटवलेलं जाड फेल्ट, त्यात मुरवलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली काळा रंग दिलेली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आणि तिच्या खाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो आम्हाला सोलापुरात मिळाला नाही, पुण्याहून थर्माकोलच्या पेटीत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मागवला, पेटी उघडली तेव्हा बराचसा उडून गेला होता पण उरला तेवढा पुरला. उणे 78 डिग्री असतो, हातमोज्याशिवाय शिवायचं नाही. वरचं अल्कोहोल वाफ होऊन खाली उतरतं आणि प्लेटजवळ इतकं गार होतं की थेंब धरायला फक्त निमित्त हवं असतं. चार्ज असलेला एखादा कण तिथनं गेला की मागं आयन, म्हणजे चार्ज झालेले अणू-रेणू, सोडत जातो, त्यांच्यावर बारीक थेंब धरतात, रेघ उमटते आणि बघता बघता विरून जाते.

भाषणात मी बिभाबाईंचं सगळं सांगितलं. जन्म 1913, कलकत्ता विद्यापीठातनं 1936 ला एमएस्सी, मग भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्र मोहन बोस यांच्याकडं संशोधन. दार्जिलिंगकडं, संदकफूच्या डोंगरावर फोटोच्या प्लेटा नेऊन ठेवायच्या, कॉस्मिक रे त्यातनं जाऊ द्यायचे, मग त्या डेव्हलप करून मायक्रोस्कोपखाली एकेक रेघ मोजायची, असं ते काम. त्यावरनं दोघांनी मेसॉन नावाच्या, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या मधल्या वजनाच्या कणाचं वस्तुमान काढलं, इलेक्ट्रॉनच्या 200 पटीच्या आसपास, आणि 1941-42 मध्ये ते नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पण तेव्हा महायुद्ध चालू, त्यांना पाहिजे होत्या तसल्या चांगल्या फुल टोन प्लेटा मिळेनात, हाफ टोनवर भागवावं लागलं, काम तिथंच अडकलं. पुढं ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांनी हीच पद्धत सुधारलेल्या प्लेटांवर वापरली, 1947 मध्ये पायॉन हा मेसॉन सापडला, 1950 चं नोबेल त्यांना मिळालं. पॉवेल यांचं काम मोठंच होतं, त्यात वाद नाही. पण प्लेट मिळाली नाही एवढ्यावरनं एखाद्या बाईचं नावच पुस्तकातनं गायब व्हावं हे मला आजही पटत नाही, आणि हे मी वर्गात दर वर्षी सांगते. इकडं बिभाबाई मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडं गेल्या, क्लाउड चेंबरवरच्या कामासाठी 1948 चं नोबेल मिळालेले ते हेच. परत आल्यावर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक झाल्या, पुढं कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांतही होत्या. 1991 मध्ये गेल्या. एका ताऱ्याला त्यांचं नाव दिलं ते 2019 मध्ये.

भाषण झाल्यावर सगळे लॅबमध्ये. पडदे ओढले, बाजूनं एलईडी टॉर्च लावला, पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं धुकं. तेवढ्यात दारात एक बाई. आमच्या बॅचमधली जी पोरगी प्रॅक्टिकलला सगळ्यात पक्की, तिची आई. घरी स्थळं बघणं चालू होतं आणि ही पीएचडी पीएचडी करत होती, म्हणून त्या कुणाला न सांगता थेट मलाच विचारायला सिटी बसनं आल्या होत्या. पोरगी घाबरून कोपऱ्यात. मी म्हटलं, ताई या, आधी हे बघा, मग बोलू.

त्या बिड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन पान, तंबाखू, दोरा, वर्षानुवर्षं हेच, बोटांची टोकं पिवळी पडलेली. काचेवर वाकल्या, थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "ह्ये गेलं बघा. आनि ह्ये एक." आमची पोरं अजून कुठं कुठं करत होती. मग त्यांनीच विचारलं, "एक जाड हाय आखूड, आनि एक बारीक लांब. दोन येगळे हायत का ओ मॅडम?" मला इतका आनंद झाला की काय सांगू. हा प्रश्न मी पोरांना मुद्दाम विचारणार होते. जाड आखूड ते अल्फा कण, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूतनं निघतात, जड असतात, थोड्या अंतरातच थांबतात. बारीक सरळ ते बहुतेक म्यूऑन, कॉस्मिक रे हवेवर आदळून आभाळात दहा-पंधरा किलोमीटरवर तयार होऊन खाली आलेले. "छतातनं?" म्हणाल्या. म्हटलं छतातनं, तुमच्या-माझ्या अंगातनं पण, तळहातातनं मिनिटाला शंभरेक. त्यांनी हात उलटा करून बघितला. पोरगी एव्हाना शेजारी येऊन उभी होती आणि आईला तेलुगूत समजावत होती.

मग माझ्या केबिनमध्ये बसलो. त्यांचे प्रश्न एकदम सरळ. किती वर्षं? कमीत कमी 3, साधारण 6 पर्यंत, मुलींना 2 वर्षं जास्तीची सवलत. पैसे आपण भरायचे का ते देणार? नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप लागली तर महिन्याला 37,000, दोन वर्षांनी 42,000, ती नाही लागली तर राज्य सरकारच्या महाज्योतीसारख्या फेलोशिप आहेत, पण तेही नाही झालं तर ओढाताण होते, हे स्पष्ट सांगितलं. मधेच लग्न झालं तर? करता येतं, बाळंतपण आणि मूल सांभाळायला मिळून 240 दिवसांची रजा नियमात आहे. आणि त्यानंतर नोकरी? इथं मी थोडा वेळ थांबले. मी स्वतः पीएचडी करून सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेत वर्षं काढलीत, एका इंटरव्ह्यूत माझ्या थिन फिल्मवरच्या संशोधनाबद्दल एक प्रश्न आणि मुलं किती, सासू घरी असते का, संध्याकाळी थांबाल का असले बाकीचे, हे सगळं त्यांना सांगितलं. लपवून काय करायचं, उद्या पोरीला हेच बघायचंय. पण हेही सांगितलं की तिचा हात चांगलाय, रीडिंग घेताना घाई करत नाही, असं पोर दर वर्षी मिळत नाही.

त्या म्हणाल्या, "तिच्या पप्पांला मी सांगते. पावन्यांला परीक्षा होईपर्यंत येऊ नका म्हनते. पन मॅडम, संध्याकाळी उशीर झाला तर तिला बसपर्यंत कोन सोडनार?" म्हटलं माझ्या गाडीवर सोडीन. ते मान्य झालं. आता नेटचा फॉर्म भरून झालाय, शनिवारी दुपारी ती आणि अजून दोघी माझ्याकडं क्वांटमचे प्रॉब्लेम सोडवायला बसतात.