आपल्याच फ्लॅटात आईची वर्दी

बेळगावातून हल्ली सारखा एकच फोन येतो. पट्टायाला कॉन्डो, म्हणजे फ्लॅट बघायलोय, एजंटनं हॉटेलात बोलावून चहा-बिस्किटं दिली, व्हिडिओ दाखवला, फॉरेनरला पण फुल मालकी मिळते म्हणतोय, खरं काय रे? खरं आहे. मी स्वतः इथे थायलंडमध्ये चोनबुरीला, म्हणजे पट्टायाच्याच प्रांतात घेतलाय, नावावर आहे. उद्यमबागेतल्या मशीनशॉपमधून उठून इकडच्या ऑटो पार्ट्सच्या लाइनीत आलेल्या माणसाला जेवढा परवडतो तेवढाच आहे, पण आहे. फोनवर मात्र पुढचं कोणाला ऐकायचं नसतं, रेट काय आणि भाडं किती सुटेल एवढंच पाहिजे असतं. म्हणून इथे एकदाच लिहून टाकतो.

थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, तेव्हा बंगला वगैरे विसरा. कॉन्डोचा कायदा १९७९ चा, इकडच्या सनात २५२२ चा, आणि त्यात सोय अशी की एका बिल्डिंगमधल्या सगळ्या फ्लॅटांचं मिळून जेवढं क्षेत्रफळ होतं त्यातलं ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी लोकांच्या नावावर चालतं. फ्लॅटांच्या संख्येच्या नाही, क्षेत्रफळाच्या ४९ टक्के. त्यामुळे बिल्डिंगमध्ये फ्लॅट शिल्लक असणं वेगळं आणि परदेशी कोट्यात शिल्लक असणं वेगळं. कोटा संपला असेल तर तोच एजंट तोच फ्लॅट ३० वर्षांच्या लीजवर देतो आणि वर तोंडी सांगतो, पुढे अजून ३० आणि अजून ३० मिळतात की साहेब! कायद्यात ३० च आहेत, पुढचं रिन्यूअल समोरच्याच्या मर्जीवर. नव्वद वर्षांचा हिशेब मांडून दाखवणाऱ्याचा चहा प्यावा आणि घरी यावं.

पैशाची तऱ्हा त्याहून भारी. माझा पगार बाटमध्ये, म्हणजे थाई चलनात, इथल्याच बँकेत पडतो, टॅक्स पण इथेच कापतात, पण त्या पैशातून फ्लॅट घेतो म्हटलं तर माझ्यासारख्या वर्क परमिटवाल्याच्या नावावर होत नाही. पैसा बाहेरून आला पाहिजे, परकीय चलनात आला पाहिजे आणि त्याचे बाट इथे आल्यावर झाले पाहिजेत. म्हणजे वर्षानुवर्षं इथून घाम गाळून बेळगावच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या खात्यात पाठवलेले पैसे डॉलर करून परत इकडे आणायचे. ब्रँचमधला पोरगा फॉर्म बघून विचारतोय, "सर, हे तुम्हीच तिथनं पाठवलेलं नव्हं काय?" होय बाबा, तेच. पैसे आले की इथली बँक एफईटी फॉर्म, म्हणजे परकीय चलन आल्याचा दाखला देते, ५०,००० डॉलरच्या खाली असेल तर नुसतं पत्र देते, आणि हा कागद नसला तर लँड ऑफिसात फाइल पुढे सरकत नाही. उद्या फ्लॅट विकून पैसे बाहेर न्यायचे झाले तरी हाच कागद मागतात, म्हणून पासपोर्टासारखा जपून ठेवायचा. आणि पाठवताना कारणाच्या रकान्यात कॉन्डो खरेदी, बिल्डिंगचं नाव, फ्लॅट नंबर असं स्पष्ट लिहायचं. तिकडूनच बाट करून पाठवू काय म्हणून बँकवाल्यानं विचारलं तर नको म्हणायचं, तसे आलेले पैसे ह्या कामाला चालत नाहीत.

कागद अर्थातच सगळे थाईत. माझ्याबरोबर पुण्याचा एकजण होता, लँड ऑफिसात त्याला घाम फुटला, एक अक्षर कळत नसताना सही कशी करायची म्हणून. मी आपला निवांत. आमच्या खानापूरकडच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये, घरपट्टीची पावती कन्नडमध्ये, लग्नाचा दाखला कन्नडमध्ये, आणि १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्यातले आजोबांचे कागद काढले तर ते मराठीत, त्यातले काही मोडीत, ते तर आता कोणालाच येत नाही. घरात सरकारी कागद आला की शेजारच्या काकांना हाक मारायची, ते चष्मा लावून वाचणार, मग आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघणार. काम मागायला ऑफिसात गेलं की "साहेबरू इल्ला, नाळे बर्री", म्हणजे उद्या या. असल्या शाळेत शिकलेल्या माणसाला थाई कागदाची काय भीती. मराठीतून कागद द्या म्हणून बेळगावात मोर्चे निघतात, मी पण गेलोय आणि ते बरोबरच आहे, पिढ्यान्पिढ्या राहतोय त्या गावात आपल्या भाषेत कागद मागायचा हक्कच आहे. इथे तो हक्क सांगता येत नाही, इथे मी पाहुणा. पण सवय कामाला येते. वाचता न येणाऱ्या कागदात काय बघायचं ते आम्हाला पाठ असतं: आकडे, तारीख, शिक्का, आणि आपलं नाव सगळीकडे सारखं पडलंय का.

आणि घोळ नेमका तिथेच होतो.

पासपोर्टावर आपलं नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ते थाई अक्षरात कोणी कसं लिहावं ह्याला धरबंध नाही. थाईत आपला "ग" नाहीच, त्यामुळे वडिलांच्या गोविंदचं कोविन झालं, लशीचं पोर्टल असल्यासारखं. बँकेतल्या मुलीनं एका पद्धतीनं लिहिलं, फ्लॅटच्या टायटल डीडवर दुसऱ्या पद्धतीनं, आणि तालुका ऑफिसात, म्हणजे अम्फोत, पिवळं पुस्तक काढायला गेलो तिथे तिसरीच तऱ्हा. पिवळं पुस्तक म्हणजे परदेशी माणसाचं नाव पत्त्यावर चढवलेलं रजिस्टर, थाई लोकांचं निळं असतं. ते मालकीचा पुरावा नाही, नुसता राहण्याचा आहे, पण इतर कामात फार उपयोगी पडतं. त्यात आई-वडिलांची नावं लिहितात. समोरच्या बाईनं पासपोर्ट बघितला, फॉर्म बघितला, परत पासपोर्ट बघितला. वडिलांचं नाव कोविन? होय. मग तुझ्या नावात कोविन कसं? आमच्यात मुलाच्या नावात वडिलांचं नाव लावतात. मग आईचं पण लावतात काय? नाही. का नाही? आता ह्या का नाहीचं उत्तर मी मराठीत पण देऊ शकलो नसतो. वर आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, आणि माझ्या कागदांत दोन्ही सापडतात, ते प्रकरण तर मी उघडलंच नाही.

उपाय एकच आहे आणि तो पहिल्या दिवशी करायचा. अधिकृत अनुवादकाकडून पासपोर्टाचं एकच थाई भाषांतर करून घ्यायचं, सर्टिफाय करायचं आणि बँकेपासून लँड ऑफिसपर्यंत प्रत्येक टेबलावर आधी तेच ठेवायचं, ह्यात आहे तसंच लिहा म्हणून. बायकोच्या व्हिसाला लग्नाचा दाखला लागला तेव्हा तर कन्नडचं इंग्रजी, त्यावर दिल्लीचा शिक्का, मग थाई वकिलातीचा, मग इंग्रजीचं थाई, मग बँकॉकला चेंगवत्तनाला परराष्ट्र खात्याचा. शेवटी मूळ दाखला एक पान आणि मागची शेपूट एवढी मोठी.

एवढं सगळं करून फ्लॅट नावावर झाला म्हणजे आपण इथले झालो असं ज्याला वाटतं त्यानं हे वाचावं. कॉन्डो घेतला म्हणून व्हिसा मिळत नाही. देशात सलग ९० दिवस झाले की इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, मालक असलात तरी. आणि टीएम३० नावाचा फॉर्म आहे, घरात परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांच्या आत कळवायचं. घरमालक मी, परदेशी पण मीच, तेव्हा माझ्या घरी मी राहायला आलोय हे मीच कळवलं. मग बायको आली, तिचं कळवलं.

मग आई आली. विमानतळावरून घरी आलो, भडंगाच्या पिशव्या अजून टेबलावरच होत्या आणि मी तिच्याकडे पासपोर्ट मागितला.

"कशाला रे?"

"इमिग्रेशनला कळवायचं असतं, चोवीस तासांच्या आत."

"इमिग्रेशन म्हणजे?"

"पोलिसच की."

"पोलिसात माझी वर्दी? मी काय चोरून आलेय काय?"

समजावून सांगितलं, सगळ्यांनाच असतं, नियम आहे, नाही दिली तर २००० बाटपर्यंत दंड बसू शकतो. तिनं पासपोर्ट दिला, पण तोंड फुगलेलंच. रात्री फोनवर मावशीला सांगत होती, घर ह्याचं, मी ह्याची आई, आणि हा पोलिसाला कळवायलाय बघ बाहेरची बाई आलीय म्हणून. मावशीनं काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण दोघी बराच वेळ हसत होत्या. त्यांचं हसणं ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता बिल्डिंग. इथे एक गोष्ट आपल्याकडच्यापेक्षा चांगली आहे. आमच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटला असोसिएशन करायची तर आधी सगळ्यांना एका खोलीत बसवावं लागतं, कर्नाटकात त्यासाठी १९७२ चा कायदा असून बिल्डर गेला की लिफ्टच्या वर्गणीवरून भांडणं, जिन्यात थकबाकीदारांच्या नावाची चिठ्ठी, हा प्रकार चालूच. इथे बिल्डिंगमधला पहिला फ्लॅट कोणाच्या नावावर होतो तेव्हाच तिची संस्था पण रजिस्टर होते, ज्युरिस्टिक पर्सन म्हणतात. मेंटेनन्स थकवला तर नियमावलीप्रमाणे वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत दंड, सहा महिन्यांच्या वर गेलं की २० टक्क्यांपर्यंत, आणि मीटिंगमध्ये मत पण नाही. विकताना ह्या संस्थेचा बाकी नाही असा दाखला नसेल तर लँड ऑफिस नाव बदलत नाही. "काम केल्याशिवाय मेंटेनन्स देणार नाही" हे आपलं आवडतं हत्यार इथे आपल्याच पायावर पडतं.

माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली. आधी एक पिवळा डाग, मग जिप्सम फुगलं, मग थेंब. ऑफिसात गेलो, मॅनेजरनं हात जोडले, फोटो काढले, वहीत लिहिलं आणि पुढे काही नाही. परत गेलो, परत हात जोडले. त्यांचं म्हणणं, गळती वरच्या फ्लॅटच्या आतली आहे, मालकाला मेल केलाय, मालक दुसऱ्या देशात. वरचा फ्लॅट तर दिवसाच्या भाड्यावर चालतो, रोज नवीन सुटकेसा. लायसन्स नसताना ३० दिवसांच्या आतलं असलं भाडं हॉटेल कायद्यात बसत नाही, लिफ्टमध्ये तसा बोर्ड लावलाय, आणि त्याच बोर्डाखाली सुटकेसवाले उभे असतात. वार्षिक मीटिंगमध्ये विषय काढायचा ठरवला तर कोरम नाही. एक चतुर्थांश मतं लागतात, मालक निम्मे परदेशात. पंधरा दिवसांच्या आत दुसरी मीटिंग, तिला कोरम लागत नाही, मग जे आले त्यांनी ठरवलं. ठरलं काय तर बोर्ड मोठा करायचा.

काम शेवटी वरचा फ्लॅट साफ करणाऱ्या बाईंनी केलं. त्यांना लिफ्टमध्ये मोडक्यातोडक्या थाईत विचारलं, फोटो दाखवला, त्या थेट माझ्या बाथरूममध्ये येऊन वर बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी एक प्लंबर आणला. त्यानं माझ्या छताची एक पाटी काढली, वरच्या मोरीच्या जाळीचा पाइप दाखवला, भोवतीचं सिलिकॉन पापडासारखं सुटलेलं. वरून जाळी काढून परत बसवली, अर्ध्या दिवसाचं काम. मालकानं बिल दिलं, कारण बाईंनीच त्याला फोटो पाठवून सांगितलं की पाहुण्यांना बाथरूम देता येणार नाही. ऑफिसच्या वहीत ती तक्रार अजून चालू आहे.

भाड्याच्या गणितात अजून दोन गोष्टी कोणी धरत नाही. भारतात परत येऊन पूर्ण रहिवासी झालात की हा फ्लॅट ठेवता येतो, फेमा ह्या परकीय चलनाच्या कायद्यात तशी मुभा आहे, पण इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये शेड्युल एफएत, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो, नाही दाखवला तर ब्लॅक मनी कायद्यात १० लाखांचा दंड आहे. आणि दुसरी, आपण गेलो तर. वारस परदेशी असेल आणि मालकीच्या निकषात बसत नसेल तर ६० दिवसांत कळवायचं आणि वर्षाच्या आत फ्लॅट विकायचा. त्यासाठी बायकोनं बेळगावात जाऊन वंशावळीचा दाखला काढायचा, कन्नडचं इंग्रजी, इंग्रजीचं थाई, परत ती सगळी शेपूट. ते नको म्हणून थाई मृत्युपत्र करायला घेतलंय, दोन साक्षीदार लागतात. वकील म्हणाला, येताना पासपोर्टाचं थाई भाषांतर घेऊन या. म्हटलं, तयार आहे.