रणगाड्यांमागचे ट्रक

रविवार, रात्र

माझ्या संग्रहातले शिशाचे खेळण्यातले सैनिक अखेर लाकडी कपाटातून बाहेर काढले. आता ते काच आणि लोखंडाच्या कपाटात राहतील. लाकडातून, त्यातही ओकमधून, आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद दाराआड शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतं. ब्रिटन्स या ब्रिटिश खेळणी कंपनीने १८९३मध्ये पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले आणि १९६६पर्यंत ते शिशात ओतले. एवढ्या वर्षांच्या मालातला कितीतरी माल अशा देखण्या, घट्ट बंद शोकेसमध्ये ‘जपला’ गेला असेल! जपण्याची हौस कधीकधी वस्तूच्याच मुळावर येते.

जस्ताचं दुखणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या खेळण्यातल्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या. वितळलेल्या धातूत शिशाचा अंश जरासा जास्त गेला, तर ती गाडी कित्येक वर्षांनी आतून पोखरू लागते. आधी फुगते, मग भेगा पडतात, शेवटी तुकडे. इलाज नाही. बाधलेली गाडी शेजारी ठेवली की दुसरीलाही लागण होते, असं आजही बरेच संग्राहक ठामपणे सांगतात. तसं काही नसतं. दमट, उबदार हवेत प्रक्रिया वेग घेते, एवढंच. तरी मी अशा गाड्या वेगळ्या खणात ठेवते. शास्त्र कळतं, पण हात ऐकत नाहीत.

त्या खणात १९३०च्या दशकाच्या शेवटी आलेला डिंकीचा मध्यम रणगाडा आहे. एका बाजूला केसासारखी चीर आहे. मला या खेळण्यांचा काळ फार विचित्र वाटतो. युद्ध दाराशी आलं तेव्हा डिंकी बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीच्या लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडवरच्या कारखान्यातून लष्करी संच निघत होते, आणि युद्ध खरोखर पेटल्यावर ब्रिटनमध्ये धातूची खेळणी बनवण्यावरच बंदी आली. खऱ्या रणगाड्यांना धातू हवा होता, खेळण्यातल्यांना कुठून मिळणार!

पण खरं सांगायचं तर माझं मन आता रणगाड्यांत रमत नाही. सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. फिरणारा बुरूज, लांब तोफ, सोलिडो या फ्रेंच कंपनीच्या रणगाड्यांच्या सुट्या दुव्यांच्या, खरोखर फिरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. कोणाला आवडणार नाही? हल्ली मात्र मी शोधते ते ट्रक, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, बंद पडलेली गाडी ओढून नेणारी वाहनं. १९५०च्या दशकात डिंकीने यांची मोठी मालिका काढली. सगळ्या एकाच मंद हिरव्या रंगात, ताडपत्रीच्या जागी पत्र्याचं छप्पर, बाकी मिरवण्यासारखं काही नाही. मांडून ठेवल्या की पाहुणे त्यांच्यावरून नजर फिरवून थेट सेंचुरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या प्रतिकृतीकडे जातात.

मग मी तो सेंचुरियन उचलते आणि थॉर्निक्रॉफ्ट मायटी अँटर या रणगाडे वाहून नेणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरवर चढवते. मागचे दोन उतार खाली पडतात, रणगाडा वर सरकतो, आणि पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला : रणगाडा स्वतः चालत का जात नाही? जाऊ शकतो, पण सुमारे पन्नास टनांचं ते धूड लांबच्या पल्ल्याला निघालं तर पट्ट्या आणि इंजिन झिजतात, रस्ता उखडतो, इंधनाचा तर हिशोबच नको. म्हणून त्याला पाठीवर घेणारा दुसरा लागतो. गंमत म्हणजे खऱ्या अँटरचा आराखडा मुळात तेलवाहिन्यांचे अजस्र पाइप वाहून नेण्यासाठी होता. सैन्याने तो नंतर आपलासा केला.

ट्रकांकडे मला वळवलं ते पुस्तकांनी. रणगाड्यांवरच्या चकचकीत पुस्तकांनी नव्हे, तर १९४४ सालच्या मळक्या मॅन्युअलने : अमेरिकी युद्धखात्याचं टीएम ९-८०३, विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपसाठीचं. पहिला भाग चालकासाठी, दुसरा मेकॅनिकसाठी. कुठल्या सांध्याला कोणतं वंगण, किती मैलांनी, कोणत्या ऋतूत. शौर्याचा शब्द नाही. वंगणाच्या तक्त्यावर कोणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा ठसा आहे. पुनर्मुद्रित प्रती हव्या तेवढ्या मिळतात आणि वाचायला त्याच बऱ्या, पण हा ठसा काही त्यात छापून येत नाही.

तिथून वाचत वाचत मी १९४४च्या ‘रेड बॉल एक्सप्रेस’पर्यंत, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या रसद वाहणाऱ्या ट्रकांच्या ताफ्यापर्यंत पोचले. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरून सुटलेल्या दोस्त राष्ट्रांच्या फौजा इतक्या वेगाने पुढे गेल्या की रसद मागे पडली. फ्रान्समधले रेल्वेमार्ग तर आधीच बॉम्बफेकीत मोडले होते. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर हे ट्रक अहोरात्र धावले. ऐन भरात सुमारे ६,००० वाहनं, दिवसाला साधारण १२,५०० टन माल. चालकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी होते, ज्यांना त्याच सैन्यात वेगळ्या तुकड्यांमध्ये ठेवलं जाई. जीएमसीच्या अडीच टनी ट्रकचं खेळणं हातात घेतलं की मला आता आधी ही माणसं आठवतात.

यातून मनाची टोचणी संपते असं नाही. ट्रकनेही दारूगोळाच वाहिला. ‘मी फक्त मालवाहू वाहनं जमवते’ असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. एक नियम मात्र पाळते. युद्धपूर्व जर्मनीतल्या एलास्टोलिन आणि लिनेओल या ब्रँडच्या पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्या कारागिरीत अप्रतिम आहेत, पण नाझी स्वस्तिक मिरवणाऱ्या आकृत्या माझ्या कपाटात येत नाहीत. त्यांच्यावरची पुस्तकं येतात, कारण ते माहीत असायलाच हवं. हा भेद कोणाला ढोंगी वाटेल. वाटू दे.

जुळवाजुळवीचा प्रश्न राहिलाच, कारण प्रत्येक कंपनीचं प्रमाण, म्हणजे खऱ्या वाहनाच्या किती पट लहान, ते वेगळं. सोलिडो १:५०, जपानी टामियाचे रणगाडे १:३५, ब्रिटिश एअरफिक्सचे १:७६. एका फळीवर ठेवले की जीप ट्रकपेक्षा मोठी दिसते. टामियाच्या १:३५मागेही काही थोर तत्त्व नाही, पँथर या जर्मन रणगाड्याच्या प्रतिकृतीच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ते माप ठरलं! आज मी प्रमाणाचा नाद सोडून वाहनं कामानुसार लावली : ओढणारी, वाहणारी, वाचवणारी. रणगाडे सगळ्यात वर, जिथे हात सहज पोचत नाही.

एक अँटर विक्रीला आहे, मूळ खोक्यासह म्हणे. विक्रेत्याकडे दोन फोटो मागायचे आहेत : एक तळपत्र्याचा आणि एक अतिनील दिव्याखाली खोक्याचा. जुना पुठ्ठा त्या उजेडात सहसा मंदच राहतो, नव्या नकलेचा कागद निळसर पांढरा लखलखतो. टायर चपटे असले तरी चालतील, बदलणार नाही. पण रंग नव्याने मारलेला निघाला, तर कितीही चकाकू दे, नको.