केदारकंठ्याच्या वाटेवर: अंगाला लोकर की पॉलिस्टर?

केदारकंठा हे उत्तराखंडातलं हिमालयातलं शिखर, तिथली चढाई सांक्री गावातून सुरू होते. डेहराडून ते सांक्री अख्खा दिवस गाडीत गेला. पुरोला, मोरी, मग नदीकाठचा अरुंद रस्ता. डिसेंबर संपत आला होता. सॅकमध्ये पॉलिस्टरचे दोन टी-शर्ट, एक फ्लीस (पॉलिस्टरचाच मऊ, लवदार, उबदार अंगरखा) आणि मोठ्या हिमतीने घेतलेला मेरिनो लोकरीचा, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा, एक पातळ सदरा होता. महाग म्हणून तो जपून ठेवलेला.

पहिला मुक्काम जुडा का तालाब. रानातला चढ सुरू झाला आणि अर्ध्या तासात घाम फुटला. अंगात पॉलिस्टर होतं, चालत होतो तोवर उत्तम. हा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, वजनाच्या १ टक्काही नाही. घाम कापडावर पसरतो आणि उडून जातो. पण चहाला थांबलो, वारा सुटला आणि पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखं झालं. उडणारा घाम अंगातली ऊबही घेऊन जात होता.

तंबूत शिरल्या शिरल्या मेरिनो चढवला. लोकरीचा धागा वजनाच्या साधारण ३० टक्के बाष्प पोटात घेतो तरी अंगाला ओला लागत नाही, उलट ते शोषताना थोडी ऊब सोडतो. मला आजोळची घोंगडी आठवली. मामा पावसात तीच डोक्यावरून घेऊन शेतावर जायचे. दख्खनी मेंढीची ती जाडीभरडी लोकर अंगाला टोचायची. मेरिनोचा धागा २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून बारीक, म्हणून तो उघड्या अंगावरही सोसतो. शिवाय तीन रात्री घालूनही त्याला वास आला नाही. पॉलिस्टरला पहिल्याच संध्याकाळी आला होता.

म्हणून लोकरच सगळीकडे घ्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी बर्फात लोकरीचे मोजे भिजले. तंबूच्या दोरीवर टाकले, तर सकाळी लाकडासारखे कडक! पॉलिस्टरचे पातळ मोजे पिळून स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेतले होते, ते मात्र वाळले.

माथ्याची चढाई पहाटे तीनला. काळोख, बोचरी थंडी आणि पावलापावलाला थांबणारी रांग. इथे घाम कमी, उभं राहणंच जास्त, म्हणून आत मेरिनो, वर फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. फ्लीसमधून वारा सरळ आत येतो, त्यामुळे जाकीट हवंच. साडेबारा हजार फुटांवर, माथ्यावर रोवलेल्या त्रिशूळापाशी उभा राहिलो. समोर स्वर्गारोहिणीचं शिखर उजळत होतं. अर्धा तास हललो नाही, पाठ कोरडी होती.

परतल्यावर सांक्रीत शेकोटीशी बसलो असताना ठिणगी उडून फ्लीसच्या बाहीला वितळून भोक पडलं. शेजारच्या आजोबांच्या जुन्या लोकरी कोटावरही ठिणग्या पडत होत्या, ते नुसते हाताने झटकत होते.

पुढच्या वेळी चढायला पॉलिस्टरच घालेन. मेरिनो प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवेन, आणि थांबलो की अंग गार पडायच्या आत बदलेन.