पावणेसात युनिट

आमच्या कॉलेजात ऊर्जा संवर्धन दिनाची शपथ १४ डिसेंबरला होते. तेव्हा जळगावात सकाळी अशी थंडी असते, की पोरं हात काखेत घालून उभी असतात. 'विनाकारण पंखा चालू ठेवणार नाही' हे वाक्य सगळे अगदी मनापासून म्हणतात. पंखा हवाय कोणाला? खरी परीक्षा एप्रिलात, पारा ४४ वर गेला की.

माहिती मात्र पोरांना पक्की. हजार वॉट एक तास म्हणजे एक युनिट, पाच तारे, एलईडी, सगळं बिनचूक. एकाने तर उत्तरपत्रिकेत लिहिलं, की जुन्या डब्बा रेग्युलेटरवर पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, बरीचशी त्या डब्यातच उष्णता होऊन जाते. मी खूश होऊन पूर्ण गुण दिले. त्याच संध्याकाळी त्याच्याच वर्गात सहा पंखे रिकाम्या बाकांना वारा घालत होते. एक ७५ वॉटचा, म्हणजे सहांचे ४५०. शिपाईमामांच्या नजरेस पडलं नसतं, तर पाच ते सकाळी आठ, १५ तास. पावणेसात युनिट.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, शेवटी कोण निघालं? सगळे खाली बघायला लागले. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बटन कोणतं शे, कोणले माहीत?"

वर्ग हसला. मी बोर्डाकडे बघितलं. आठ बटनं, सगळी सारखीच काळी. इतकी वर्षं मीही टकटक करत अंदाजानेच लावतोय की.

बोलणारा पोरगा चोपड्याकडचा, इथे खोली घेऊन राहतो. मागे तो तापाने पडला होता तेव्हा बघायला गेलो होतो. दारामागच्या कॅलेंडरवर सबमीटरचे आकडे, दर रविवारी टिपलेले. कूलरचा पंप दहा मिनिटं चालू, गवत भिजलं की बंद, नुसता पंखा. गवत सुकत आलं की अंगात ताप असतानाही उठून पुन्हा पंप. घरमालक युनिटमागे किती लावतो, ते त्याला पैशापर्यंत पाठ. कॉलेजचं बिल त्याने कधी पाहिलेलं नाही. मीही नाही, खरं सांगायचं तर.

त्याच्याच हातात मार्कर दिला. तासातली वीस मिनिटं गेली, एक जण बटन दाबतो, बाकीचे माना वर करून ओरडतात, "खिडकीचा! खिडकीचा!" सहा पंखे, एक ट्यूब. आठव्या बटनाने काहीच होईना. पोरांनी जिन्यातसुद्धा बघून घेतलं. शेवटी त्याने त्याच्यापुढे लिहिलं, 'सरांचं'.