न मारलेली थप्पड

त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची एकांकिका रखमाबाईंवर होती, लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला आणि पुढची चार वर्षं गाजत राहिला. संहिता मुलांनीच लिहिली होती. मी इतिहास शिकवते, म्हणून दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, सलग तालीम आहे, एकदा बघून जा." दुपारी सभागृहात जाऊन बसले, ती रात्रीच बाहेर पडले.

सुरुवात छान होती. अकरा वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा नवरा, लग्नानंतरही माहेरीच राहिलेली रखमा, घरात पुस्तकं. मग तिसरा प्रवेश आला. दारू प्यालेला दादाजी झोकांड्या खात येतो, तिला केसांना धरून ओढतो आणि सणसणीत थप्पड मारतो. रंगमंच लाल होतो, ब्लॅकआउट. विंगेतल्या मुलांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. दादाजी करणाऱ्या मुलाने त्या प्रवेशावर जीव तोडून मेहनत घेतली होती, ते दिसत होतं.

चालू तालीम मी थांबवत नाही. संपल्यावर सगळे गोल करून बसले, तेव्हा विचारलं, "ही थप्पड कुठे बसते? कुणाच्या घरात?"

"दादाजीच्या घरात," दिग्दर्शक म्हणाला.

"पण ती त्याच्या घरी राहायला कधी गेलीच नाही. म्हणून तर तो कोर्टात गेला."

अख्खा खटला यावरच उभा आहे. बायकोने नांदायला यावं, आपले वैवाहिक हक्क परत मिळावेत, एवढीच दादाजीची मागणी होती. 21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी ती फेटाळली. त्यांचा एक मुद्दा मला अजूनही थक्क करतो: या दोघांचा संसार कधी सुरूच झालेला नाही, मग तो पुन्हा सुरू करून द्या असं म्हणता तरी कसं येईल? आमच्या थप्पडीने हा मुद्दाच खोटा ठरत होता. ती मारायला दोघं एका घरात असायला हवीत, आणि तसं असतं तर पिन्हे यांना तो निकाल त्या शब्दांत देताच आला नसता.

दिग्दर्शक हुशार मुलगा आहे, त्याने लगेच हार मानली नाही. म्हणाला, "मॅडम, प्रेक्षकाला कारण लागतं. तो मारतो, म्हणून ती जात नाही, हे एका क्षणात कळतं. नाहीतर लोक विचारतील, हिला अडचण काय होती?"

उत्तर मला द्यावं लागलं नाही. रखमाबाई करणारी मुलगी म्हणाली, "म्हणजे तो मारत नसता तर मी जायला हवं होतं?"

मग कुणीच काही बोलेना. मी सोबत नेलेल्या नोंदी उघडल्या. रखमाबाईंच्या बाजूने न्यायालयात काय मांडलं होतं ते वाचलं. समजण्याचं वय नसताना हे लग्न लावलं गेलं. दादाजीला नीट घर देण्याची, पोसण्याची ऐपत नाही. त्याची प्रकृती वाईट आहे, दमा आणि क्षय. ज्या मामाच्या आश्रयाला तो राहतो, त्याचं चारित्र्य बरं नाही. मारहाणीचा आरोप यात नाही. विरुद्ध पक्षाच्या वकिलानेसुद्धा ज्याच्यावर हा आरोप केला नाही, त्याच्यावर तो आम्ही एकशे तीसहून अधिक वर्षांनी करत होतो, त्याच्या खऱ्या नावानिशी आणि त्याला उत्तर देता येत नसताना. दादाजी मला आवडतो असं अजिबात नाही. त्याची मागणी अन्यायाची होती असंच मी वर्गातही शिकवते. पण त्याने जो अन्याय केला तोच दाखवायचा असतो. कायदा आणि रिवाज पाठीशी असलेला एक आजारी, सामान्य माणूस एका शिकणाऱ्या मुलीवर हक्क सांगू शकत होता, यात जे भयंकर आहे ते दारूच्या बाटलीमागे झाकून जातं. दारुडा नवरा बघून प्रेक्षक 'असे नवरे वाईटच' म्हणतो आणि निवांत घरी जातो.

दादाजी करणारा मुलगा हिरमुसला होता. "मग माझ्याकडे उरलं काय?" असं त्याने विचारलं. बरोबरच होतं त्याचं. मी त्याला सांगितलं की दादाजीने 1887 मध्ये स्वतःची बाजू छापून प्रसिद्ध केली होती. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग यांची मालमत्ता, आई जयंतीबाईंनी दुसरं लग्न केल्यावर, मुलीच्या नावावर आली होती. त्या मालमत्तेसाठीच घरचे तिला सासरी पाठवत नाहीत असं दादाजीचं म्हणणं. मुलाने विचारलं, "मग तो खरं बोलतोय का?" मी म्हटलं, ते ठरवणं तुझं काम नाही. आपल्याला लुबाडलंय असं त्याला वाटतंय, ते तू मनापासून बोल. पटायचं की नाही ते प्रेक्षक बघतील.

बाकीच्या दुरुस्त्या भराभर झाल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन निकालाच्या दिवशी मुलीला जवळ घेतात असा प्रवेश होता. ते तर निकालाच्या आधीच, त्याच 1885 साली, वारले होते. घरातली भाषा आणि कपडे ब्राह्मणी वळणाचे केले होते. हे कुटुंब सुतार समाजातलं, तिथे विधवेला पुनर्विवाह करता येत होता आणि जयंतीबाईंनी तो केलाही होता. ते पुसून टाकलं की आईचं आयुष्यच पुसलं जातं. शेवटी व्हिक्टोरिया राणी सिंहासनावरून लग्न रद्द करत होती. ही गोष्ट सर्रास सांगितली जाते आणि रंगमंचावर शोभतेही. पण प्रकरण मिटलं ते जुलै 1888 मध्ये तडजोडीने, दादाजीला दोन हजार रुपये देऊन. हा शेवट मुलांना रुक्ष वाटला. मला तो जास्त बोचतो.

टिळकांवरून मात्र बराच वेळ वाद झाला. संहितेत ते न्यायालयात उभे राहून रखमाबाईंना वाटेल ते बोलत होते. एकजण म्हणाला, "परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता अडकेल, काढूनच टाकू त्यांना." मला दोन्ही मान्य नव्हतं. टिळकांनी या प्रकरणात विरोध केला होता, तो लपवला तर आपण रखमाबाईंचा एकटेपणा कमी करून सांगतो. पण त्यांच्या तोंडी रचलेली शिवीगाळही चालणार नाही. शिवाय 1887 पर्यंत 'केसरी'चे संपादक आगरकर होते, त्यामुळे 'केसरी'त छापलेलं प्रत्येक वाक्य टिळकांच्या नावावर टाकता येत नाही. शेवटी ठरलं की एक नट वर्तमानपत्र हातात धरून फक्त छापलेला मजकूर वाचेल, आणि लेखक नक्की ठाऊक असेल तिथेच नाव घेईल. आई आणि मुलीचे घरातले संवाद कल्पित आहेत, हेही निवेदनात सांगायचं ठरलं. घरातलं बोलणं कुणी लिहून ठेवलेलं नसतं, ते नाटककाराने रचायलाच हवं. माझा आक्षेप कल्पनेला नव्हता. त्या माणसाने न केलेलं कृत्य त्याच्या माथी मारण्याला होता.

एक गोष्ट अनिर्णीत राहिली. 1904 मध्ये दादाजी वारल्यावर रखमाबाई विधवेसारखं पांढरं नेसू लागल्या असं सांगतात. तोवर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या होत्या, सुरतेला स्त्रियांच्या दवाखान्यात काम करत होत्या. रखमाबाई करणाऱ्या मुलीला हे पचेना. "सगळं लढून मग हे का?" मला तो प्रसंग ठेवावासा वाटत होता, कारण आपल्या सोयीची रखमाबाई करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिचं म्हणणं, कारण माहीत नसेल तर मी ते अंगावर घालू कशी? नटीचा हा प्रश्न रास्त होता, आणि मी तिच्यावर जबरदस्ती केली नाही.

निघताना दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, थप्पड गेली, तशी टाळीही गेली."

मी म्हटलं, 4 मार्च 1887 ला ये. पिन्हे यांचा निकाल अपिलात टिकला नाही, आणि न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने सांगितलं, तुरुंग चालेल. त्याने तिथेच विंगेत बसून तिसरा प्रवेश खोडला आणि फॅरन यांच्यापासून नवा लिहायला घेतला.